चेंडूची जागा राखणारी पट्टी

स्नूकरच्या सामन्यात खेळाडूने "बॉल पुसून द्या" म्हटलं, की पंच त्या चेंडूला टेकवून खाच असलेली एक छोटी पट्टी टेबलावर ठेवतो. मग चेंडू उचलतो, पुसतो, पट्टीला भिडवून परत जागेवर ठेवतो आणि पट्टी काढून घेतो. काम काही सेकंदांचं. पण तेवढा वेळ ती पट्टी हाच चेंडू असतो. नियमच तसा आहे : चेंडू उचलल्यापासून परत ठेवीपर्यंत त्या चेंडूची किंमत खुणेच्या वस्तूला मिळते. काळा चेंडू पुसायला घेतला असताना खेळाडूचा क्यू किंवा शर्टाची बाही पट्टीला लागली, तर सात गुणांचा फाऊल. खेळायची पाळी नसलेल्या खेळाडूने धक्का लावला तरी दंड त्यालाच, आणि खेळण्याचा क्रम तसाच पुढे चालू.

या वस्तूला बॉल मार्कर म्हणतात. आपल्या क्लबांमध्ये गुण मांडणाऱ्या माणसालाही मार्करच म्हणतात, म्हणून मी इथं पट्टी असंच लिहिणार आहे. इतकी जबाबदारी असलेली ही वस्तू विकत घ्यायची म्हटली तर तिच्याबद्दल नीट सांगणारं कुणी सापडत नाही. पुण्यात विल्सन जोन्स जन्मले, पंकज अडवाणीचा जन्मही पुण्यातलाच. खेळाडूला क्यू, टिप, चॉक कुठला घ्यावा हे सांगणारी माणसं इथं भरपूर आहेत. पंचाला काय घ्यावं हे सांगणारी फार थोडी.

माझ्या ओळखीच्या एका घरात असे दोन पंच आहेत. मामा कित्येक वर्षं पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांमधल्या स्पर्धांना पंच म्हणून उभे राहिले. भाची चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमच्या मोजमाप विभागात काम करते आणि नुकतीच पंच झाली आहे. तिला पट्टी घ्यायची आहे. कुठली, यावर दोघांचं पटत नाही. दोघांचंही म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून ते मांडतो.

भाची : मामा, मी पितळी घेते. हा फोटो बघ. जाड पत्रा, छान पॉलिश, आणि खाच थेट चेंडूच्या गोलाईची. एकदा ठेवलं की जागचं हलायचं नाही.

मामा : पण ते हलवणार कोण?

भाची : चेंडूच हलवेल. चेंडू साधारण 142 ग्रॅमचा असतो. परत ठेवताना तो पट्टीला टेकतो. पट्टी हलकी असेल तर मागे सरकणार. सरकली की जागा गेली.

मामा : चेंडू ढकलत आणायचा नसतो गं, वरून खाली ठेवायचा असतो. पुसताना दोन्ही हात लागतात, ठेवताना एकच लागतो. दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर अलगद ठेव. पट्टीला वजन कमी पडत असेल तर ते तुझ्या बोटाने द्यायचं. तुझ्या त्या पितळी पट्टीचं वजन किती?

भाची : 60 बाय 50 मिलिमीटर, जाडी 3. म्हणजे 9 घन सेंटिमीटर. खाच वजा केली तरी 70 ग्रॅमच्या वरच. त्याच मापाची ॲक्रिलिकची असेल तर 10 ग्रॅमच्या आसपास.

मामा : म्हणजे जवळजवळ अर्ध्या चेंडूच्या वजनाचा धातू, सुती हातमोजे घातलेल्या बोटांत धरून, पाच-सहा रेड्सच्या डोक्यावरून न्यायचा. निसटला तर खाली काय होईल ते बघ. दहा ग्रॅमचं प्लॅस्टिक पडलं तर फार तर एखादा चेंडू हलेल, तो मी जागेवर ठेवू शकतो. पितळ पडलं तर सगळा घोळका विस्कटेल आणि कापडाला खड्डा पडेल. कापडावरचा खड्डा त्या फ्रेमपुरता नसतो, पुढची दोन वर्षं प्रत्येक चेंडू तिथून जाताना वळतो.

भाची : मग पितळ नको, स्टीलची घेते.

मामा : पितळ नको याचं आणखी एक कारण आहे. ते काळं पडतं आणि तो काळेपणा पांढऱ्या हातमोज्यावर उतरतो. पंचाने चेंडू पुसायला घेतला आणि बोटंच मळलेली दिसली, तर खेळाडू काय म्हणेल? स्टीलला तो त्रास नाही. पण वजनाचं माझं म्हणणं तिथंही तेच आहे.

वजनाच्या बाबतीत माझं मत मामांच्या बाजूचं आहे. जड वस्तू चांगली हा समज दुकानात हातात घेऊन बघितल्यावर होतो. टेबलावर ती वस्तू एकटी असते त्या सेकंदांत तिला कुणी हात लावत नाही. हात लागतो तो दोनदाच, ठेवताना आणि काढताना. हा हात हातमोज्यातला असतो हे फोटो बघून पट्टी निवडणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सपाट पट्टी कापडावर पडलेली असते, तिच्या कडेखाली सुती बोट जात नाही. मग माणूस नखाने उचकटायला जातो, पट्टीचं दुसरं टोक वर उचललं जातं आणि ते चेंडूला लागतं. म्हणून पट्टीला मागे वर वळलेली शेपटी किंवा धरायला बोंडूक हवंच. या एका मुद्द्यावर मामा आणि भाची यांचं पहिल्या मिनिटापासून एकमत होतं.

खरा वाद खाचेवरून झाला. भाचीने ओळखीच्या एका पंचाकडून पितळी पट्टी मागून आणली आणि दोघं क्लबात एका रिकाम्या टेबलापाशी गेली. मी सोबत होतो.

मामांनी निळा चेंडू मधल्या स्पॉटवर ठेवला, पट्टी भिडवली, चेंडू उचलला आणि परत ठेवला. मग पट्टी न काढता बोटाने चेंडू किंचित डावीकडे सारला. चेंडू पट्टीला टेकलेलाच राहिला. उजवीकडे सारला, तरी टेकलेलाच.

मामा : आता सांग, चेंडू मुळात कुठे होता? तिन्ही वेळा तो पट्टीला चिकटूनच आहे.

भाची : असं कसं? खाच चेंडूच्याच मापाची आहे. चेंडूचा व्यास 52.5 मिलिमीटर, त्यात फरक चालतो तो फक्त 0.05 चा. खाचेची त्रिज्या 26.25 आहे, मी मोजली आहे.

ती बराच वेळ वाकून चेंडू आणि पट्टी जिथे भेटतात तिथे बघत होती. मग तिने खिशातून कागद काढला.

भाची : कळलं. चेंडू 52.5 चा असतो तो कमरेत, टेबलापासून 26 मिलिमीटर उंचीवर. पट्टी आहे तळाशी, 3 मिलिमीटर उंचीची. त्या उंचीवर चेंडूचा घेर खूप लहान असतो. हिशेब केला तर तिथे त्रिज्या येते 12.2 मिलिमीटर. पट्टी चेंडूच्या पोटाखाली शिरते आणि तिथल्या लहान घेराला ही मोठी खाच मिळते. मोठ्या कमानीत लहान गोल एकाच ठिकाणी टेकतो. एका ठिकाणी टेकलेला गोल बाजूला घरंगळू शकतो.

मामा : आणि पट्टी 2 मिलिमीटर जाडीची असती तर?

भाची : तर त्रिज्या 10. आणखी वाईट. चेंडूच्या गोलाईची खाच हवी असेल तर पट्टी 26 मिलिमीटर उंच हवी, कमरेपर्यंत पोचणारी. सपाट पट्टीला ती खाच शोभेची आहे, उपयोगाची नाही.

मामांनी आपल्या खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. साधं पारदर्शक प्लॅस्टिक, एका बाजूला सरळ दोन काप घेऊन केलेली इंग्रजी व्ही अक्षराची खाच. निळा चेंडू तिला भिडवला आणि डावीकडे सारायचा प्रयत्न केला. डावीकडे सारला की चेंडू पट्टीपासून सुटतो आणि फट दिसते.

भाची : व्ही ब्लॉक! आम्ही गोल जॉब असाच धरतो. दोन सपाट बाजू, दोन ठिकाणी टेकणार. तिसरा आधार टेबलाचा. तीन ठिकाणी टेकला की गोलाला जागा एकच उरते. आणि पट्टी किती जाड आहे याने फरक पडत नाही, कापड किती मऊ आहे यानेही नाही. प्रत्येक उंचीवर ती दोनच ठिकाणी टेकणार.

मामा : मला हे गणित माहीत नव्हतं. वापरून वापरून एवढं कळलं होतं की या खाचेत चेंडू खोटं बोलत नाही.

पट्टी निवडताना हीच एक गोष्ट सगळ्यांत आधी बघावी असं मला वाटतं, आणि विकणारे तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. धातू कुठला, चकाकी किती, नाव कोरून मिळेल का, हे सगळं सांगतात. चेंडू किती ठिकाणी टेकतो हे सांगत नाहीत. दुकानात हे तपासायला एक चेंडू आणि सपाट जागा पुरे : पट्टी धरून ठेवा आणि चेंडू आडवा सारून बघा.

मी भाचीला विचारलं, अर्ध्या-एक मिलिमीटरने खेळात खरंच काही बिघडतं का? खेळाडू चेंडू आहे तिथून नेम धरणारच.

भाची : नेहमीच्या पॉटला तो नवा नेम धरेल, खरं आहे. पण एकमेकांना टेकलेल्या दोन रेड्सचा प्लांट घ्या. पहिल्या रेडला मारलं की दुसरा कुठे जाणार हे त्या दोन रेड्सच्या मध्यांना जोडणारी रेघ ठरवते, खेळाडूचा नेम नाही. मध्यांमधलं अंतर 52.5. त्यातला एक चेंडू मी पुसून परत ठेवताना 1 मिलिमीटर आडवा सरकला, तर ती रेघ एक अंशाहून थोडी जास्त फिरते. पॉकेट दोन मीटरवर असेल तर तिथे 38 मिलिमीटरचा फरक. जाणारा प्लांट जात नाही, न जाणारा जातो. आणि मघाशी खेळाडूने तो प्लांट नीट बघून ठेवला असतो.

मामा : म्हणून टेकलेले चेंडू मी शक्यतो उचलतच नाही. पुसून मागणं रास्त असेल तर पुसायचं, असं आहे ते. एकाला उचललं की दुसरा सैल होतो. पॉकेटच्या तोंडाशी लटकलेल्या चेंडूचंही तेच. तिथे पट्टी भिडवायला गेलं की चेंडू आत. अशा वेळी खेळाडूला थांबायला सांगायचं असतं. तेवढं सांगायची हिंमत नसेल तर कुठलीही पट्टी घेऊन उपयोग नाही.

भाची : पण पुसायचं कारणही खरंच असतं ना. चॉकचा कण दोन चेंडूंच्या मधे आला की किक बसते, चेंडू उडतो, दिशा सोडतो. खेळाडूचा ब्रेक त्याच्या चुकीशिवाय संपतो.

मामा : असतं की. आणि म्हणूनच चॉकचा ठोकळा खूण म्हणून ठेवणारे पंच बघितले की मला वाईट वाटतं. ज्या धुळीसाठी चेंडू उचलला तीच धूळ त्याच्या जागेवर सांडायची. नियमात योग्य साधन एवढंच म्हटलं आहे, ते कसं असावं हे सांगितलेलं नाही. पण ठोकळ्याला योग्य म्हणता येणार नाही.

इथपर्यंत दोघं एका बाजूला आली होती. पुढे मात्र फाटा फुटला आणि तो अजून तसाच आहे.

भाचीला पट्टीकडून आणखी दोन कामं करून घ्यायची आहेत. एक, रंगीत चेंडू परत ठेवताना त्याचा स्पॉट मोकळा आहे की नाही हे ठरवणं. शेजारच्या चेंडूला न टेकता तो स्पॉटवर बसत नसेल तर स्पॉट व्यापलेला धरतात आणि चेंडू मोकळ्या असलेल्या सर्वांत जास्त किमतीच्या स्पॉटवर जातो. दुसरं काम फ्री बॉलचं. फाऊलनंतर समोरच्याला खेळायच्या चेंडूच्या दोन्ही अगदी टोकाच्या कडा सरळ रेषेत मारता येत नसतील, तर तो स्नूकर झालेला असतो आणि त्याला फ्री बॉल मिळतो. केसाएवढ्या फरकावर हा निर्णय फिरतो.

भाची : पारदर्शक पट्टीवर सरळ कडेपासून 40.3 मिलिमीटरवर एक रेघ कोरायची. 52.5 मधून ते 12.2 वजा केले की 40.3. पट्टी सपाट ठेवून सरळ कड शेजारच्या चेंडूला अलगद टेकवायची आणि वरून बघायचं. स्पॉट रेघेच्या अलीकडे, चेंडूच्या बाजूला दिसला तर व्यापलेला. पलीकडे दिसला तर मोकळा. पट्टी पारदर्शक असण्याचा खरा फायदा हा आहे, धातूच्या खालचं दिसत नाही. आणि पट्टीची रुंदी बरोबर 52.5 ठेवायची. ती उभी धरली की चेंडूएवढी रुंद. आडव्या आलेल्या चेंडूच्या शेजारी ती उभी करून क्यू बॉल तिथून जाईल का, हे मागून बघता येतं.

मामा : स्पॉट म्हणजे काय असतं? कापडावरचा काळा ठिपका. कुठे चिकटवलेला, कुठे पेनाने काढलेला, कुठे झिजून पसरलेला. त्याचा मध्य तू कुठला धरणार? ठिपक्याचीच खात्री नाही आणि तू दशांशात मोजतेस.

भाची : ठिपका चार मिलिमीटरचा असला तरी त्याचा मध्य मला डोळ्याने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत धरता येतो. 52.5 चं अंतर मात्र डोळ्याने धरता येत नाही. जिथे जमत नाही तिथेच तर मापाची मदत घ्यायची.

मामा : मला जमतं. तुलाही जमेल, सवय कर. तू म्हणतेस त्या कामांना पट्टी घोळक्यात न्यावी लागते. पुसायच्या चेंडूला निदान मोकळी बाजू बघून भिडता येतं. फ्री बॉलचा प्रश्न येतो तोच गर्दीत. चार चेंडूंच्या मधे उभी पट्टी धरून एखादा हलवलास, तर ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतीस तो प्रश्नच नाहीसा झाला.

भाची : हलवीन असं वाटलं तर नेणार नाही.

मामा : आणि दुसरं. एकदा पट्टी काढलीस की प्रत्येक वेळी काढावी लागेल. नाही काढलीस तर खेळाडू विचारेल, मघाशी मोजलंत, आता का नाही? पंचाचा शब्द पुरेसा असायला हवा. फाऊल आणि मिस दिल्यावर समोरच्याने मागितलं तर सगळे चेंडू पूर्वीच्या जागी ठेवायचे असतात. तिथे कुठली पट्टी आहे? शॉट होऊन गेलेला असतो, खूण कुठेच नसते. आपल्याकडे कॅमेरा नाही, पडदा नाही. ते सगळं डोक्यात साठवलेल्या चित्रावरून करायचं. पंचाचं सर्वांत अवघड काम साधनाशिवायचं आहे, आणि ते ज्याला येतं त्याला फ्री बॉल डोळ्याने का येऊ नये?

भाची : शेफील्डला क्रूसिबलमध्ये तेच काम करताना पंच पडद्याकडे बघतो. दोन चित्रं एकमेकांवर ठेवून माणसं सांगत असतात, जरा इकडे, जरा तिकडे. तिथे उभे राहणारे पंच डोळ्याने कमी आहेत का? 2009 च्या जागतिक स्पर्धेच्या फायनलला तिथे मिकेला टॅब पंच होती. मी तिचे जुने सामने पुन्हा पुन्हा बघते. हात कुठे घाईत नाही, कुठे दिखावा नाही. पण मदत मिळत असेल तर ती घ्यायची, यात कुणी कमीपणा मानत नाही. माझा डोळा चांगला असेलही, पण खेळाडूला माझ्या डोळ्यातलं दिसत नाही. पट्टी त्यालाही दिसते.

मामा : खेळाडूला दाखवायचं म्हणून निर्णय करायचा नसतो.

भाची : निर्णय मी माझ्यासाठी करते. दाखवते त्याच्यासाठी. तुला तीस वर्षांची ओळख आहे मामा, तू मान हलवलीस की लोक ऐकतात. मी चोवीस वर्षांची मुलगी. फ्री बॉल नाही म्हटलं की समोरचा खाली वाकून स्वतः बघायला लागतो, मग त्याचा मित्र उठतो.

यावर मामा थोडा वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, की त्या मित्राला खुर्चीवर बसवणं हे पट्टीचं काम नाही, तुझं आहे. भाची म्हणाली, दोघींचं आहे.

या वादात मी भाचीच्या बाजूने आहे, एका मर्यादेत. जिथे कॅमेरा आहे आणि पंचाचं नाव खेळाडूंना माहीत आहे तिथे मामांचं म्हणणं चालेल. जिमखान्याच्या लीगमध्ये, जिथे पुढच्या टेबलाचे खेळाडूही कठड्यावर कोपर टेकवून बघत असतात, तिथे दिसेल असं माप असणं नव्या पंचाच्या कामाला येतं. पण मामांची पहिली अट मला सोडवत नाही : पट्टी नेताना चेंडू हलायची भीती असेल तर न्यायचीच नाही. रेघा कोरलेली पट्टी हातात असली की ती वापरायचा मोह होतो, आणि घोळक्यात मोह हाच धोका आहे.

मग प्रश्न उरला विकत घेण्याचा. भाचीने ऑनलाइन शोधलं, तेव्हा बॉल मार्कर या नावाखाली पानंच्या पानं गोल्फची निघाली. नाण्याएवढ्या चकत्या, लोहचुंबकाच्या, टोपीला लावायच्या. गोल्फमध्ये चेंडूमागे चकती ठेवून चेंडू उचलतात, तिथे तेवढी खूण पुरते. स्नूकरला ती निरुपयोगी, कारण गोल कडेला चेंडू एकाच ठिकाणी टेकतो. काही ठिकाणी पूलसाठी केलेल्या मापपट्ट्या दिसल्या. अमेरिकन पूलचा चेंडू 57 मिलिमीटरच्या वर असतो, त्या मापाने स्नूकरचा फ्री बॉल ठरवणं म्हणजे खेळाडूवर अन्याय. स्नूकरच्या खास पट्ट्या इंग्लंडमधल्या क्यू विकणाऱ्या दुकानांत मिळतात. पण मिलिमीटरात जाडी, रुंदी आणि खाचेचा आकार लिहिलेली जाहिरात तिला सापडली नाही. तिने विक्रेत्यांना लिहून विचारलं : जाडी किती, खाच गोल की व्ही, शेपटी आहे का, कडा घासलेल्या आहेत का. मामांना हे प्रश्न फार आवडले. घेणाऱ्याने असेच विचारावेत, त्यांची उत्तरं देता न येणाऱ्याकडून घेऊ नये, असं ते म्हणाले.

शेवटी तिने इथेच करून घ्यायचं ठरवलं. दुकानांच्या पाट्या कापणारे लोक लेसरने ॲक्रिलिक कापतात. भाचीने चित्र काढून दिलं : 3 मिलिमीटर जाडी, 52.5 रुंदी, व्ही खाच, 40.3 वर बारीक रेघ. शेपटीचा तुकडा वेगळा कापून चिकटवायचा. रंगावरून पुन्हा बोलणं झालं. पूर्ण पारदर्शक पट्टी दिव्यांखाली हिरव्या कापडावर दिसतच नाही आणि खेळाडू नकळत हात ठेवेल, असं मामांना वाटतं. खालचा स्पॉट दिसायला ती पारदर्शकच हवी, असं भाचीचं म्हणणं. शेपटी भडक नारिंगी आणि बाकीची पट्टी पारदर्शक, हा तोडगा मामांनीच काढला. नारिंगी रंगाचा चेंडू स्नूकरमध्ये नाही, त्यामुळे घोटाळाही होणार नाही.

पहिला नमुना आला तेव्हा लेसरने कापलेल्या कडा धारदार होत्या. कापडावर ओढली की धागे ओरबाडले जात. भाचीने बारीक पॉलिश पेपरने खालच्या कडा गोलसर केल्या आणि मग पट्टीची परीक्षा घेतली. ती परीक्षा इतकी चांगली होती की कुणीही नवी पट्टी घेतल्यावर करावी.

तिने टूलरूममधला फीलर गेज आणला होता. दोन रेड्स शेजारी अशा ठेवल्या की मधल्या फटीत 0.10 मिलिमीटरचं पातं जेमतेम जाईल. एका रेडला पट्टी भिडवली, रेड उचलली, पुसली, परत ठेवली, पट्टी काढली, आणि पुन्हा तेच पातं घातलं. पातं पूर्वीसारखंच गेलं तर चेंडू जागेवर आला. अडकलं किंवा सैल गेलं तर नाही.

ठेवण्यात गडबड झाली नाही. झाली ती काढताना. पट्टी सरळ मागे ओढली तर पातं नीट जाई. मनगट थोडं फिरलं की व्हीची एक बाजू चेंडूला घासे आणि पातं अडके. मामा शेजारी उभे राहून तिचा हात बघत होते.

मामा : तू वर उचलतेस आणि मागे ओढतेस, दोन्ही एकदम. आधी मागे. बोटभर मागे आली की मग उचल. आणि शक्य असेल तिथे काळ्या चेंडूच्या टोकाकडून भिडव.

भाची : का?

मामा : कापडाची लव बॉकपासून, म्हणजे फ्रेम सुरू होते त्या टोकापासून, काळ्याच्या टोकाकडे असते, त्याच दिशेने आपण ब्रश मारतो. पट्टी त्या बाजूला ओढलीस तर लव बसते. उलट ओढलीस तर लव उठते आणि चेंडूच्या पायाशी उठलेली लव त्याला हलवते.

भाचीने दोन्ही बाजूंनी करून बघितलं. लवेच्या दिशेने ओढल्यावर पातं दर वेळी गेलं. उलट ओढल्यावर मधूनच अडकलं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

आता प्रश्न खाचेच्या कोनाचा आहे. 90 अंशांची खाच चेंडूला जास्त पक्कं धरते, पण काढताना हात जरा फिरला की घासते. 120 अंशांची उघडी खाच सहज सुटते, पण भिडवताना डोळा जास्त नीट ठेवावा लागतो. भाचीला 90 ची हवी आहे, मामा 120 वर ठाम आहेत. पाटीवाल्याकडे दोन्ही कापायला दिल्या आहेत, शेपटी दोन्हींना नारिंगी.